सिंगापूर आणि जोहोर: दोघांचं भांडण कुठे आहे आणि तुमचा माल कुठे अडेल

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. चिंचवडला तुमचं रबरी सील आणि गॅस्केट बनवायचं युनिट आहे. सहा वर्षं तुम्ही सिंगापूरच्या जुरोंगमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला माल देताय. आता ती कंपनी जोडणीचं काम समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे, मलेशियाच्या जोहोर राज्यात हलवते आहे. खरेदी खातं मात्र सिंगापुरातच राहणार. जवळपास दोन महिन्यांचा साठा ठेवा, असा त्यांचा आग्रह आहे. पाण्यावरून, बेटावरून, विमानांच्या वाटेवरून या दोन देशांचे वाद चालतात हे तुम्ही वाचलंत, आणि विचारताय की साठा कुठल्या बाजूला ठेवू, आणि उद्या यांचं बिनसलं तर माझे पैसे अडकतील का.

मी एकोणीस वर्षं सिंगापुरात मालवाहतूक आणि कस्टम क्लिअरन्सचं काम करते. आमच्या गाड्या जवळजवळ रोज जोहोरला जातात आणि येतात. तुम्ही एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न विचारलेत: दोन सरकारं भांडतात तेव्हा काय होतं, आणि माल कशामुळे थांबतो. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी क्वचितच एकत्र येतात, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या सांगते.

आधी भांडणाचं. १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षं सिंगापूर मलेशियाचाच भाग होतं, आणि ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळं झालं. त्यामुळे हे नातं वाटणी झालेल्या भावांसारखं आहे. आपल्याकडे वाटणी झाल्यावरही विहीर सामाईक राहते, बांधावरचं झाड कुणाचं यावर बोलणी होतात, आणि आजोबांच्या नावावरचा एखादा तुकडा दुसऱ्याच्या हिश्शात अडकलेला असतो. इथेही तसंच झालं.

विहीर म्हणजे जोहोर नदी. १९६२ च्या करारानुसार सिंगापूरला या नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं, दर हजार गॅलनला ३ सेन (सेन म्हणजे मलेशियाच्या रिंगिटचा शंभरावा भाग). जोहोर त्यातलंच काही शुद्ध केलेलं पाणी परत विकत घेतं, दर हजार गॅलनला ५० सेन. करार २०६१ पर्यंत आहे. मलेशियाचं म्हणणं, हा दर आजच्या काळात अगदीच कमी आहे. सिंगापूरचं म्हणणं, पंचवीस वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये, दराचा फेरविचार करायची मुभा करारात होती, ती तुम्ही वापरली नाहीत. शिवाय पाणी शुद्ध करायला आम्हाला ५० सेनपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो. २०१८ मध्ये महाथिर मोहम्मद मलेशियाचे पुन्हा पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी हा विषय जोरात काढला होता. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की इतकी वर्षं वाद चालू असताना नळ बंद झाला नाही. जोहोरला अजून ३ सेनच मिळतात, आणि पलीकडे जोहोरमधल्या घरांनाही सिंगापूरने शुद्ध केलेलं पाणी जातं. सिंगापूर गाफील बसलं नाही हेही खरं. सांडपाणी शुद्ध करून वापरायची व्यवस्था त्यांनी २००३ पासून उभी केली आणि मग समुद्राचं पाणी गोडं करायचे प्रकल्प आणले. करार पाळायचा, पण एका करारावर सगळी भिस्त ठेवायची नाही, ही त्यांची रीत मला फार पटते.

बांधावरचं झाड म्हणजे पेद्रा ब्रांका हे दीपगृह असलेलं छोटं बेट. मलेशियाने १९७९ च्या नकाशात ते आपलं दाखवलं, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये बेट सिंगापूरला, तर शेजारचे मिडल रॉक्स मलेशियाला मिळाले. तुमच्या व्यवसायाशी याचा काही संबंध नाही, म्हणून पुढे जाते.

अडकलेला तुकडा म्हणजे रेल्वेची जमीन, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी इथे आले तेव्हा मलेशियाची रेल्वे सिंगापूरच्या पोटातून थेट तांजोंग पगार स्टेशनपर्यंत यायची, आणि रुळांखालची जमीन मलेशियन रेल्वेकडे होती. १९९० मध्ये यावर करार झाला, पण त्याचा अर्थ काय यावर पुढे वीस वर्षं वाद चालला. २०१० मध्ये मलेशिया आणि सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक आणि ली सिएन लूंग यांनी तो सोडवला: स्टेशन सीमेवरच्या वुडलँड्सला हलवायचं, आणि बदल्यात मिळणाऱ्या जमिनींचा विकास ६०:४० अशा भागीदारीत करायचा, साठ मलेशियाचे. ३० जून २०११ च्या रात्री शेवटची गाडी जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवत नेली. मी त्या गर्दीत होते. शेजारी एक म्हातारे मलय गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते, ते अजून आठवतं. जमिनीच्या विकास शुल्काचा एक मुद्दा तरीही उरला होता. तो दोघांनी लवादाकडे नेला, २०१४ मध्ये निकाल मलेशियाच्या बाजूने लागला आणि सिंगापूरने तो मान्य केला.

मला दिसलेली पद्धत अशी: भांडायचं कडाडून, पण कागदावर, आणि कागदावर जे ठरलं ते पाळायचं. क्वालालंपूर ते सिंगापूर हा सुमारे ३५० किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये करार झाला, २०१८ मध्ये मलेशियात सरकार बदलल्यावर काम पुढे ढकललं गेलं, आणि २०२० च्या शेवटच्या दिवशी करार संपला. पण मलेशियाने करारात ठरल्याप्रमाणे १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलरची भरपाई भरली. करार सरकार बदललं म्हणून मोडू शकतो हे यातून शिकायचं, आणि मोडण्याची किंमत आधीच लिहिलेली असेल तर ती मिळते, हेही.

२०१८ च्या शेवटी मलाही काळजी वाटली होती. मलेशियाने जोहोर बाहरू बंदराची सागरी हद्द सिंगापूरच्या पश्चिम टोकाला असलेल्या टुआसच्या दिशेने वाढवली, सिंगापूरनेही आपली वाढवली, दोघांच्या सरकारी नौका समोरासमोर उभ्या होत्या. त्याच वेळी सिंगापूरच्या सेलेटार विमानतळावर उतरण्याच्या नव्या पद्धतीवरून हवाई हद्दीचा वाद पेटला. त्या डिसेंबरात मी रोज संध्याकाळी ड्रायव्हरांना फोन करत होते. आमची एकही गाडी या कारणाने थांबली नाही. थांबल्या त्या नेहमीच्या कारणांनी: परमिटवर चुकलेला कोड, पावसाची रांग, सुट्टीची गर्दी. पुढच्या एप्रिलमध्ये दोन्ही वाद मिटले आणि हद्दी पूर्ववत झाल्या.

आता दुसरा प्रश्न, माल कशामुळे थांबतो. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचे पैसे अडकलेच तर इथे अडकतील.

१६ मार्च २०२० च्या रात्री मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान मुहिद्दीन यासीन यांनी टीव्हीवर संचारबंदी जाहीर केली. अंमल १८ तारखेपासून. सीमा बंद होणार हे कळल्यावर १७ तारखेला दिवसभर हजारो मलेशियन कामगार पिशव्या घेऊन सिंगापुरात येत होते, कारण नोकरी इकडे आणि घर तिकडे. आमच्या गोदामातल्या चौदा हमालांपैकी अकरा जोहोरचे होते. मालाची ये-जा सुरू राहील असं दोन्ही सरकारांनी लगेच सांगितलं आणि ते खरंही ठरलं. पण गाडी दारात उभी आणि माल उतरवायला माणूस नाही, अशी आमची गत झाली होती. जे आले त्यांची सोय आम्ही दोन हॉटेलांत आणि एकाच्या मावशीच्या घरी केली. राहण्याच्या खर्चासाठी सिंगापूर सरकारने माणशी रात्री ५० डॉलर मदत काही दिवसांपुरती दिली. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं की दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. रस्त्याने बसने सहज जाता येईल अशी सोय २९ नोव्हेंबर २०२१ ला झाली, आणि तीही ठराविक प्रवाशांपुरती. सीमा पूर्ण खुली झाली १ एप्रिल २०२२ ला. आमच्या एका हमालाची मुलगी तो निघाला तेव्हा रांगत होती. भेटली तेव्हा ती त्याला ओळखत नव्हती. या दोन देशांचे संबंध म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आधी ही माणसं येतात, कारण सगळी साखळी त्यांच्या खांद्यावर आहे.

दुसरं उदाहरण कोंबड्यांचं. २३ मे २०२२ ला मलेशियाने जाहीर केलं की १ जूनपासून कोंबडीची निर्यात बंद. सिंगापूरला लागणाऱ्या कोंबडीपैकी साधारण तिसरा हिस्सा तिथून यायचा. सिंगापूरशी भांडण अजिबात नव्हतं. मलेशियात खाद्य महागलेलं, किरकोळ दरावर सरकारी मर्यादा, बाजारात कोंबडी मिळेना आणि लोक चिडलेले. घरचं भागवायला दार लावलं, एवढंच. काही आठवड्यांत खास जातींना सूट मिळाली, आणि ऑक्टोबरमध्ये बंदी उठली.

दोन्ही वेळा आधी सूचना किती मिळाली ते बघा: एकदा एक दिवस, एकदा नऊ दिवस. कारण दोन्ही वेळा घरचं होतं. म्हणून माझं तुम्हाला सांगणं असं, की पाणी आणि बेटांच्या बातम्यांवरून साठ्याची जागा ठरवू नका. एका बाजूला घरातली निकड उभी राहिली तर तुमचा माल किती दिवस तग धरेल, यावरून ठरवा.

आता जागेचं. याचं उत्तर तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यातल्या काही तुम्हाला ग्राहकालाच विचाराव्या लागतील.

सगळ्यात आधी, जोहोरच्या कारखान्याचा कस्टममधला दर्जा काय आहे ते विचारा. मलेशियात निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्या कारखान्याला परवानाधारक उत्पादन गोदामाचा दर्जा मिळतो, किंवा तो मुक्त क्षेत्रात असतो. तसं असेल तर निर्यातीच्या उत्पादनासाठी आणलेल्या कच्च्या मालावर आणि सुट्या भागांवर त्यांना आयात शुल्क लागत नाही. मग तुमचे सील थेट त्यांच्या नावाने तिथे उतरवणं सोपं, आणि करारात इतकंच लिहायचं की वापर होईपर्यंत मालकी तुमची. तसा दर्जा नसेल तर शुल्क आणि विक्री कर दोन्हींचा हिशेब करावा लागेल. स्वतःच्या नावाने जोहोरला माल ठेवायचा विचार तूर्त करू नका. त्यासाठी तिथे आयातदार म्हणून उभं राहावं लागतं, आणि एका ग्राहकासाठी तो खटाटोप परवडत नाही.

सिंगापुरात हे सोपं आहे. दारू, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलियम सोडले तर आयात शुल्क जवळजवळ नाहीच. ९ टक्के जीएसटी लागतो, पण मुक्त व्यापार क्षेत्रात किंवा त्यासाठी परवाना असलेल्या गोदामात माल ठेवला तर तो थांबवून ठेवता येतो. मात्र गोदामाचं भाडं महाग आहे. दोन महिने पडून राहणाऱ्या रबरी मालाला ते सोसतं का, हे तुमच्या नफ्याच्या टक्केवारीवर ठरेल.

मग येतं उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला, आणि आपल्याकडचे पुरवठादार सगळ्यात जास्त इथे ठेचकाळतात. भारत आणि आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) यांच्या करारानुसार शुल्कात सवलत हवी असेल तर तुम्ही फॉर्म एआय नावाचं हे प्रमाणपत्र काढता. न्हावा शेवाहून माल सिंगापूरच्या नावाने आला, तिथे गोदामात उतरला, आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा जोहोरला गेला, तर मूळ फॉर्म मलेशियात चालत नाही. सिंगापूर कस्टमकडून त्याच्या आधारावर दुसरं, बॅक-टू-बॅक प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तेही मूळ प्रमाणपत्राची मुदत संपायच्या आत. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका भारतीय पुरवठादाराने हे आधी विचारलं नव्हतं. माल जोहोरला पोचल्यावर सवलत नाकारली गेली, पूर्ण शुल्क भरावं लागलं आणि त्या खेपेचा नफा गेला. शिवाय चिंचवडचा सील सिंगापूरच्या गोदामात ठेवला म्हणून आसियानचा होत नाही. फॉर्म डी हे प्रमाणपत्र आसियान देशांत बनलेल्या मालासाठी आहे. तुम्हाला कुणी एजंट फॉर्म डी काढून देतो म्हणाला तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

माल सिंगापूर किंवा जोहोरच्या तांजुंग पेलेपास बंदरात फक्त बोट बदलून पुढे जोहोरच्याच पासिर गुदांग बंदराला जाणार असेल, आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) न्हावा शेवा ते पासिर गुदांग असं एकच असेल, तर ही अडचण येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: कस्टमच्या वर्गीकरण कोडांत तुमचे सील रबरी वस्तू म्हणून ४०१६ मध्ये बसतात की पंपाचे सुटे भाग म्हणून ८४१३ मध्ये, हे एकदा नीट ठरवून घ्या. भारतातल्या एजंटाने एक लिहिलं आणि इथल्याने दुसरं, तर प्रमाणपत्र असूनही गाडी थांबते.

तिसरी गोष्ट वेळेची. टुआसहून सेकंड लिंकने, म्हणजे दोन देशांमधल्या दुसऱ्या पुलाने, जोहोरमधल्या सेनाईकडे जायला, दोन्हीकडचं कस्टम धरून, बऱ्या दिवशी आमच्या गाडीला तीनेक तास लागतात. चिनी नववर्ष किंवा हारी रायाच्या (ईदच्या) आधीच्या शुक्रवारी अख्खा दिवस जाऊ शकतो. एक चांगली गोष्ट झाली आहे. जोहोरमध्ये २०१४ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, त्यामुळे सरकारी कामात दोन्ही बाजू उघड्या असलेले दिवस चारच मिळायचे. १ जानेवारी २०२५ पासून तिथेही शनिवार-रविवार झाला. तुमच्या ग्राहकाकडे जुनं वेळापत्रक असेल तर बदलून घ्या.

जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राबद्दलही तुम्ही विचारलंय. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा करार झाला, क्षेत्र ३,५७१ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंगापूरच्या जवळजवळ पाचपट. ठराविक क्षेत्रांतल्या नव्या गुंतवणुकीला ५ टक्के कंपनी कर, जास्तीत जास्त पंधरा वर्षं. एरवी मलेशियात हा दर २४ टक्के आहे आणि सिंगापुरात १७. ही सवलत वैद्यकीय उपकरणं, विमानाचे भाग अशा मोठ्या गुंतवणुकींसाठी आहे. सील पुरवणाऱ्याने तिच्यासाठी घाईने कंपनी नोंदवू नये. तुमचा ग्राहक तिकडे जातोय त्याचं मोठं कारण साधंच असणार: जमीन आणि मजुरी. १९७३ पर्यंत दोन्ही देशांचं चलन एकास एक बदलून मिळायचं. आज एका सिंगापूर डॉलरला तीनपेक्षा जास्त रिंगिट मिळतात. वुडलँड्स ते बुकित चागर ही नवी ४ किलोमीटरची रेल्वे तासाला एका दिशेने दहा हजार माणसं नेणार आहे. त्यावरून माल जाणार नाही, पण कामगारांचे पहाटेचे तास वाचतील, आणि २०२० मध्ये मी जे पाहिलं त्यानंतर मला ती फार मोलाची वाटते.

चलनामुळेच एक गोष्ट आग्रहाने सांगते. करार सिंगापूरच्या कंपनीशीच ठेवा, बिल सिंगापूर किंवा अमेरिकन डॉलरमध्ये, आणि वाद झाला तर लवाद सिंगापुरात. खरेदी खातं उद्या जोहोरच्या कंपनीकडे गेलं तर हे सगळं तसंच लागू राहील, असं एक वाक्य आत्ताच घालून घ्या. आणि सीमा सरकारी आदेशाने बंद झाली तर साठ्याचं भाडं कुणाचं, किती दिवसांनी ग्राहकाने माल उचलून पैसे द्यायचे, हेही लिहा. वेगवान रेल्वेच्या बाबतीत दोन सरकारांनी केलं तेच, फक्त छोट्या आकड्यात.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. कारखान्याला परवाना असेल आणि तुमचा या भागात दुसरा ग्राहक नसेल, तर दोन्ही महिन्यांचा माल थेट पासिर गुदांगला, ग्राहकाच्याच गोदामात. सिंगापुरात अर्धा साठा ठेवून सुरक्षित वाटतं खरं, पण बंद सीमेच्या चुकीच्या बाजूला पडलेला साठा उपयोगाचा नसतो. इंडोनेशिया किंवा व्हिएतनामला माल द्यायचा विचार असेल तर हिशेब बदलतो. मग तीन आठवड्यांचा साठा जोहोरला आणि बाकीचा सिंगापूरच्या मुक्त क्षेत्रात, कारण तिथून कुठेही वळवता येतो. परवाना नसेल तर मात्र शुल्काचा आकडा हातात आल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही.

तेव्हा ग्राहकाला आधी तीन गोष्टी लेखी विचारा: कारखान्याचा कस्टम दर्जा, आयातदार म्हणून कुणाचं नाव लागेल, आणि एक सील संपला तर त्यांची लाइन किती तास थांबू शकते. उत्तर आलं की महिन्याचा खप आणि तुम्ही आत्ता वापरता तो कोड कळवा. मग थेट पासिर गुदांगला नेण्याचा आणि टुआसहून गाडीने नेण्याचा, असे दोन्ही खर्च शेजारी शेजारी मांडून देते.